रिस्टार्ट मारण्याआधी पंचनामा करा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

'सर्व्हर डाऊन, नागरिक ताटकळले' हा मथळा मी इतक्यांदा वाचला आहे की हल्ली आधी वरची तारीख बघते, रद्दीतला अंक तर हाताला लागला नाही ना म्हणून. कधी दाखल्यांची खिडकी असते, कधी दस्त नोंदणी, कधी रेशन दुकानातलं मशीन. रांगेतल्या एखाद्या आजींचं गाऱ्हाणं, मग 'तांत्रिक अडचण होती, ती दूर झाली' हे साहेबांचं वाक्य, की बातमी खलास. अडचण कसली, हे बातमीदार विचारत नाहीत आणि साहेब सांगत नाहीत. साहेबांचा मला फारसा राग येत नाही, कारण बहुतेकदा त्यांनाही ठाऊक नसतं. मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं 'तांत्रिक अडचण' असं लिहून खाली सही केलेली बाई आहे. यंदाच्या हंगामात मात्र एका अडचणीचा मी मुळापर्यंत पिच्छा पुरवला. तो कसा, हे आपल्या वाचकांना, त्यातही ऊस घालणाऱ्यांना, सांगावंसं वाटलं म्हणून हे पत्र. लांबलंय. कापलंत तरी चालेल, पण पंचनाम्याचा भाग तेवढा ठेवा.

मी जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. कारखान्याचं नाव घालत नाही, नोकरी आहे. विभाग म्हणजे मी, एक ऑपरेटर आणि हंगामापुरता घेतलेला डिप्लोमा झालेला पोरगा. काट्याचा सर्व्हर आमच्याकडं असतो. उसाची गाडी आत येताना भरलेलं वजन, गव्हाणीत ऊस टाकून परत जाताना रिकामं वजन, आणि दोन्हींच्या फरकाची पावती, एवढंच त्या सर्व्हरचं काम. प्रोग्राम बाहेरच्या एका कंपनीनं सी प्लस प्लसमध्ये लिहून दिलेला. लिनक्सवर चालतो. सहा हंगाम बिनबोभाट चालला.

यंदा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो मरायला लागला. वेळ ठरलेली, रात्री दीड ते तीनच्या मध्ये. पहिला फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत घरी, रजईत. काट्यावरचे दादा, ज्यांच्या निवृत्तीला सहा महिने उरलेत, म्हणाले, "मॅडम, काटा झोपला. मागं चाळीस गाड्या हायत." मागून ट्रॅक्टरवाल्यांचा आवाज येत होता, तो इथं लिहिता येण्यासारखा नाही.

ज्यांनी कधी ऊस घातला नाही त्यांच्यासाठी सांगते. तोडलेला ऊस म्हणजे कापलेली मेथी समजा. तो जितका थांबेल तितका वाळतो, वजन घटतं, आणि आतली साखरही उतरत जाते. चाळीस गाड्या दोन तास थांबल्या तर ते दोन तास शेतकऱ्याच्या खात्यातून गेले. त्याची पावती कुणी फाडत नाही.

पुरवठादार कंपनीचा सल्ला प्रत्येक वेळी तोच: "पेंडिंग एंट्री डिलीट करा, सर्व्हिस रिस्टार्ट करा, गाडी पुन्हा काट्यावर घ्या." मी घरून लॉगिन करून तसं करायची. काटा उठायचा. एका आठवड्यात चार वेळा झालं. पाचव्यांदा फोन वाजला तेव्हा मी एंट्री डिलीट करायला बोट उचललं आणि थांबले. मला माझी आई आठवली.

माझं माहेर प्रयाग चिखली. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं गावाचं काय केलं ते आपल्याच अंकांत आलं होतं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल, फुगलेली कपाटं, भिंतीला पाण्याची तपकिरी रेघ. मी खराटा घेऊन पुढं झाले तर आई ओरडली, "हात लावू नको! तलाठी येऊन जाऊ दे." आम्ही तीन दिवस त्या वासात काढले. शेजारच्या वहिनी टापटिपीच्या. त्यांनी दोन दिवसांत घर धुऊन, पुसून, उंबऱ्यावर रांगोळी काढली. पंचनाम्याला आलेला माणूस त्यांच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "इथं पाणी शिरलेलं दिसत नाही हो." वहिनींनी भिंतीवरची ओल दाखवायला सुरुवात केली. पुढचं सांगत नाही.

तर रात्री पावणेदोन वाजता मला कळलं की मी गेला आठवडाभर तेच करते आहे. प्रोग्राम मेला रे मेला की मी पुरावा धुऊन रांगोळी काढते. आणि पुरवठादार सकाळी फोनवर म्हणतो, "मॅडम, आमच्याकडं तर असं काही दिसत नाही."

लिनक्समध्ये या पंचनाम्याची सोय फार पूर्वीपासून आहे. तिला कोअर डम्प म्हणतात. एखादा प्रोग्राम मेमरीतल्या आपल्या नसलेल्या जागेत हात घालतो, तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला 11 क्रमांकाचा सिग्नल देतो आणि तो जागच्या जागी मरतो. हाच तो सेगमेंटेशन फॉल्ट. प्रोग्रामनं स्वतःच काहीतरी भलतं ओळखून हात टेकले तर 6 क्रमांक. अशा वेळी कर्नल त्या प्रोग्रामची अख्खी मेमरी, कुठल्या ओळीवर होता, हातात कुठले आकडे होते, कोणी कोणाला बोलावलं होतं, हे सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये ओतू शकतो. प्रेत हलवण्याआधी काढलेला फोटोच म्हणा. 9 क्रमांकाला मात्र हा मान नाही. मेमरी संपली म्हणून कर्नलनं एखाद्याला सरळ उडवला तर तो 9 नंच जातो आणि मागं डम्प ठेवत नाही. त्याचा शोध वेगळ्या वाटेनं घ्यावा लागतो.

कोअर हे नाव जुनं आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत संगणकाची मेमरी म्हणजे फेराइटची बारीक कडी असायची, तारांवर ओवलेली, एका कडीत एक बिट. ती जाळी बरीचशी बायकांनीच हातानं विणलेली. हुपरीत घराघरांत बायका पैंजणांच्या कड्या जोडत बसतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र लगेच दिसेल. ती कडी केव्हाच गेली, तिचं नाव तेवढं मागं राहिलं.

मग ही सोय आमच्याकडं बंद का होती? कारण पुष्कळ लिनक्सवर ती येतानाच मिटलेली येते. डम्पच्या फाइलला किती जागा द्यायची याची मर्यादा असते, आणि ती तिथं मुळात शून्य असते. हेतू चांगला आहे. मेमरी मोठी, फाइल मोठी, डिस्क भरायला वेळ लागत नाही. पण शून्य म्हणजे पंचनामाच नाही.

मी त्या रात्री पेंडिंग एंट्रीची नक्कल बाजूला ठेवली, काटा चालू करून दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. इथून पुढं मी तीन वेळा तोंडावर आपटले. आपल्या वाचकांत दूध संघांचे, पतसंस्थांचे, बाजार समितीचे सर्व्हर सांभाळणारी माझ्यासारखी माणसं असतील. त्यांनी हे आपटणं वाचावं म्हणून तपशिलात लिहिते.

पहिली आपटी अशी. ईटीसी खालच्या सिक्युरिटी फोल्डरात लिमिट्स डॉट कॉन्फ नावाची फाइल असते. तिच्यात कोअरची मर्यादा 'अनलिमिटेड' लिहिली. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं, स्लीप नावाचा, नुसता थांबून राहणारा एक छोटा प्रोग्राम चालू करून त्याला 11 चा सिग्नल मारला. 'कोअर डम्प्ड' असं आलं. मी खूश. डिप्लोमावाल्या पोराला चहा पाजला. रात्री काटा पडला, सकाळी बघते तर डम्प नाही. नोंदींमध्ये लिहिलेलं, 'किल्ड, स्टेटस 11, सेग्व्ही'. मग डोक्यात प्रकाश पडला. ती फाइल लॉगिन करून आत येणाऱ्या माणसांसाठी असते. काट्याचा प्रोग्राम लॉगिन करत नाही, त्याला सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा कारभारी, उठवतो. त्याच्यासाठी त्याच सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये, म्हणजे ती कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणाऱ्या फाइलमध्ये, 'लिमिटकोअर' ला 'इन्फिनिटी' द्यावं लागतं, मग बदल वाचून घ्यायला डीमन-रीलोड, मग सर्व्हिसचं रिस्टार्ट. आणि खरंच लागू झालं का हे प्रॉक नावाच्या फोल्डरात त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, क्रमांकाखालच्या लिमिट्स फाइलमध्ये डोळ्यांनी बघायचं. तिथं कोअर फाइलच्या ओळीत अजून शून्य असेल तर बाकी सगळं व्यर्थ.

दुसरी. मर्यादा उठली, तरी रात्री पुन्हा 'किल्ड'. डम्प कुठल्या नावानं आणि कुठं पडायचा हे कोअर-पॅटर्न नावाच्या कर्नलच्या सेटिंगमध्ये असतं. आमच्याकडं तिथं नुसतं 'कोअर' होतं. म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरात उभा असेल तिथंच फाइल टाक. सिस्टिमडीनं उठवलेला प्रोग्राम, वेगळं काही सांगितलं नसेल तर, डिस्कच्या मुळाशी उभा असतो, आणि तिथं लिहायची परवानगी आमच्या काट्याच्या साध्या युजरला कुठली? मेलेल्याकडं कागद होता, पण लिहायला जागा नव्हती.

तिसरीनं मला खरोखर रडवलं. मी कोअर-पॅटर्न बदलून टेम्प फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला, नावात प्रोग्रामचं नाव, प्रोसेसचा क्रमांक आणि वेळ यांच्या खुणा घातल्या. रात्री काटा पडला. नोंदीत या वेळी 'किल्ड' च्या जागी 'डम्प्ड'! म्हणजे कर्नल शपथेवर सांगतोय की पंचनामा लिहिला. आणि टेम्प फोल्डरात फाइल नाही. मी सगळी डिस्क चाळली. दोन तास. शेवटी युनिट फाइल ओळ-ओळ वाचली तर तिच्यात 'प्रायव्हेटटेम्प' चालू. पुरवठादारानं सुरक्षेसाठी घातलेलं, चांगलंच केलेलं. त्यानं होतं असं की त्या सर्व्हिसला टेम्प म्हणून स्वतःची वेगळी खोली मिळते. डम्प त्या खोलीत पडला, आणि सर्व्हिस थांबल्याबरोबर सिस्टिमडीनं शिस्तीत ती खोली झाडून घेतली. पंचनामा झाला, आणि केराच्या टोपलीत गेला.

त्यानंतर मी फाइलींचा नाद सोडला आणि सिस्टिमडी-कोअरडम्प बसवलं. कोअर-पॅटर्नची ओळ उभ्या रेघेनं सुरू झाली तर कर्नल डम्प थेट डिस्कवर न लिहिता पुढच्या प्रोग्रामच्या हातात देतो. हा प्रोग्राम सर्व्हिसच्या खोलीबाहेर, पूर्ण अधिकारानं चालतो, म्हणून खोलीचा आणि परवानगीचा दोन्ही प्रश्न मिटले. तो डम्प दाबून, लहान करून व्हार-लिब-सिस्टिमडी खालच्या कोअरडम्प फोल्डरात ठेवतो. कुठल्या आकारापर्यंत घ्यायचं, एकूण जागा किती खायची, हे त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये ठरवता येतं. ते ठरवाच. आणि तिथले डम्प काही दिवसांनी आपोआप साफ होतात, तेव्हा कामाचा दिसला की दुसरीकडं हलवा. कंटेनर वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, कोअर-पॅटर्न अख्ख्या मशीनचा एकच असतो, कंटेनरच्या आत बसून तो वेगळा करता येत नाही. आणि लिनक्सचा कर्नलच जर कोसळत असेल तर हे सगळं निरुपयोगी, त्याला केडम्प लागतो, त्याचं प्रकरण निराळं.

या वेळी रात्रीची वाट बघत बसले नाही. कारखाना क्लिनिंगला बंद होता त्या दुपारी, काट्यावर एकही गाडी नसताना, दादांना समोर उभं करून चालू सर्व्हिसलाच 11 चा सिग्नल मारला. दादा म्हणाले, "स्वतःच्या हातानं?" म्हटलं, हो. यादीत डम्प आला. वेळ, प्रोसेस, सिग्नल, सगळं जागेवर. ही चाचणी केली नाही तोवर सोय आहे असं समजू नये. आग विझवायची लाल बाटली आमच्याकडंही होती, गेजचा काटा शून्यावर असलेली.

त्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी काटा पडला. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी वाईट बातमी ऐकली नाही.

सकाळी डम्प जीडीबी या तपासणीच्या प्रोग्राममध्ये उघडला आणि बॅकट्रेस मागितला. बॅकट्रेस म्हणजे मरताना कोण कोणाच्या बोलावण्यावरून कुठं होतं याची उतरंड. आली ती नुसती प्रश्नचिन्हांची उतरंड. कारण कंपनीनं दिलेल्या प्रोग्राममधून नावं-गावं, म्हणजे डीबग सिंबल, काढून टाकलेले. फाइल लहान व्हावी म्हणून तसं करतात, गैर काही नाही. मात्र काढलेले सिंबल जपून ठेवायचे असतात. कंपनीला मागितले तर त्यांनी नव्या आवृत्तीचे पाठवले. जीडीबीनं लगेच कुरकुर केली, हा प्रोग्राम आणि हा डम्प एकमेकांचे दिसत नाहीत. प्रत्येक बिल्डला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, तो जुळला तरच नावं जुळतात. आमच्या काट्यावरची आवृत्ती नेमकी कुठली, हे त्यांना शोधायला तीन दिवस लागले.

मधल्या काळात त्यांनी अगदी सहज म्हटलं, "डम्प मेलवर टाका ना मॅडम." मी नाही म्हटलं, आणि इथं मला वाचकांना जरा जोरात सांगायचं आहे. डम्प म्हणजे त्या क्षणाची सगळी मेमरी. त्यात शेतकऱ्यांची नावं, बँक खात्यांचे क्रमांक, डेटाबेसचा पासवर्ड उघडा पडलेला असतो. मेल ही त्याची जागा नाही. 2023 चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आला आहे, आणि तो नसता तरी ज्यांनी विश्वासानं पासबुकाची झेरॉक्स दिली त्यांचे आकडे असे वाऱ्यावर सोडायचे नसतात. डम्पचं फोल्डरही फक्त रूटला, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या युजरला, वाचता येईल असंच ठेवा. मी कळवलं, ज्याला बघायचंय त्यानं इथं यावं.

कंपनीनं एक पोरगा पाठवला. रात्रीच्या गाडीनं सकाळी सहाला स्टँडवर उतरला, चोवीस-पंचवीसचा, चेहऱ्यावर 'मला का पाठवलं' असा भाव. काट्याच्या केबिनमध्ये बसवला. बाहेर ट्रॅक्टर, आत उसाचा भुसा, कीबोर्डवर साखरेचा चिकटपणा. त्यानं आणलेले सिंबल या वेळी जुळले. बॅकट्रेस उमटला: पावती तयार करणारं फंक्शन, त्याच्या आत पुढच्या नोंदीचा पत्ता उचलणारी ओळ. तो पत्ता छापून बघितला. सोळा अंकांचा हेक्स, म्हणजे सोळाच्या आधारावर लिहिलेला, आकडा: ए4 ई0 बीई ए4 ई0 बी0 ए4 ई0.

पोरगा म्हणाला, "गार्बेज आहे."

मी म्हटलं, थांब जरा. मेमरीत आकडे उलटे मांडलेले असतात, धाकटा बाइट आधी. हे सुलटं वाच. ई0 ए4 बी0. ई0 ए4 बीई. ई0 ए4. मराठी डेटाचं काम करणाऱ्या कुणालाही 'ई0 ए4' झोपेतही ओळखू येईल. सेटिंग चुकलं की पडद्यावर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चार पायांचा गोल किडा यांच्या रांगा येतात, त्या याच दोन बाइटच्या. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ई0 ए4 बी0 म्हणजे र. ई0 ए4 बीई म्हणजे काना. त्यापुढचे ई0 ए4 म्हणजे तिसऱ्या अक्षराचे दोन बाइट, आणि तिसरा शेजारच्या जागेत सांडलेला. तो बघितला. बी5. व.

जिथं पत्ता असायला हवा होता तिथं 'राव' लिहिलेलं होतं.

दादा मागं उभे होते. ते म्हणाले, "मरताना 'काय राव' म्हणून मेला व्हय?" केबिनमध्ये पहिल्यांदा तिघंही हसलो.

मग उलगडा व्हायला दहा मिनिटं पुरली. गेल्या हंगामापर्यंत पावतीवर नाव इंग्रजी अक्षरांत असायचं. यंदा सभासदांच्या मागणीवरून ते मराठीत केलं. मागणी रास्तच होती, आपलं नाव आपल्याला वाचता आलं पाहिजे. प्रोग्राममध्ये नावासाठी 128 बाइटची जागा ठेवलेली. इंग्रजीत एका अक्षराला एक बाइट, तिथं 128 मध्ये संसार मावतो. मराठीत जेमतेम बेचाळीस चिन्हं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं चिन्ह: 'पाटील' हा शब्दच पाच चिन्हांचा, पंधरा बाइटचा. साधी नावं मावत होती. एका खात्यावर मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव, त्यापुढं 'उर्फ' आणि आणखी एक राव लावलेलं घरचं नाव. सातबाऱ्यावर जसं आहे तसं, अगदी बरोबर. त्यातला 'राव' बरणीबाहेर सांडून शेजारच्या पत्त्यावर पडला. त्या खातेदाराच्या फडावर त्या दिवसांत तोड चालू होती आणि टोळीचा ट्रॅक्टर रोज रात्री दोनच्या सुमारास काट्यावर पोहोचायचा. म्हणून वेळ ठरलेली.

आणि काटा आपोआप का उठायचा नाही तेही कळलं. सिस्टिमडी त्याला उठवायचा, उठल्या उठल्या प्रोग्राम अर्धी राहिलेली पावती पुन्हा बनवायला घ्यायचा, पुन्हा मरायचा. दहा सेकंदांत पाच वेळा असं झालं की सिस्टिमडी हात वर करतो. पेंडिंग एंट्री डिलीट केली की काटा सुरू व्हायचा तो याचमुळं. नेमकं कारणच आम्ही दर वेळी पुसत होतो.

कंपनीचा वरिष्ठ फोनवर म्हणाला, "तुम्ही मराठी केलंत म्हणून झालं." मी त्यांना एवढंच म्हटलं की माणसाचं नाव लांब असणं हा त्याचा गुन्हा नाही. जागा मोजून लिहिणं हे लिहिणाऱ्याचं काम. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पाठवली. पहिल्या दुरुस्तीत नाव 127 व्या बाइटला कापलेलं, त्यामुळं शेवटचं अक्षर अर्धं तुटून चौकोन छापला जाई. तीही परत केली. आलेला पोरगा मात्र चांगला निघाला. जाताना त्यानं स्वतःहून आमच्या युनिट फाइलची नक्कल घेतली, म्हणाला बाकीच्या कारखान्यांतही टाकतो. दुपारी त्याला मिसळ खाऊ घातली, कट सोसला नाही बिचाऱ्याला.

आता आपल्याकडं मागणं. पुढच्या वेळी 'सर्व्हर डाऊन' ची बातमी आली की बातमीदारांनी साहेबांना विचारावं: मेला कोण, कितव्या सिग्नलनं, आणि डम्प ठेवलाय का? साहेबांना उत्तर येणार नाही, पण ते खालच्या माणसाला विचारतील, आणि दुसऱ्या खेपेला तो माणूस तयारीत असेल. संस्थांच्या संचालकांनी सॉफ्टवेअरच्या करारात एक कलम घालावं, की सर्व्हिस डम्प ठेवण्यासाठी लावून दिली पाहिजे, ती पाडून दाखवली पाहिजे, आणि दिलेल्या प्रत्येक आवृत्तीचे सिंबल करार संपेपर्यंत जपले पाहिजेत. याला वेगळे पैसे लागत नाहीत. आमच्या निविदेत सर्व्हर रूमच्या एसीचे टन लिहिलेले होते, पडद्यांचा रंगसुद्धा होता. याबद्दल एक ओळ नव्हती. ती निविदा मीच टाइप केली होती.

काटा त्यानंतर त्या कारणानं पडलेला नाही. ते लांब नाव आता पावतीवर पूर्ण येतं, दोन ओळींत. त्या खातेदारांना यातलं काही माहीत नाही. परवा पावती घेताना दादांना म्हणाले, यंदा नाव झकास छापलंय. गेल्या मंगळवारी पहाटे मात्र दुसराच एक डम्प यादीत आला आहे, सिग्नल 6 चा. या वेळी मी एंट्रीला हात लावलेला नाही. डम्प बाजूला काढून ठेवलाय आणि सिंबलसाठी मेल गेली आहे.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ता.क. नाव व पत्ता वेगळ्या कागदावर जोडला आहे, तो छापू नये ही विनंती.